रेखाटनवहीतील परमुलूख

मराठी गद्यात प्रवासाला फार जुने स्थान आहे. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीतील मुक्कामांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ हा चौदाव्या शतकातील महानुभाव ग्रंथ त्याची साक्ष देतो. गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहे, त्याच्या कोणत्या अंगाला मठ आहे, स्वामींचे आसन कोठे होते, हे सारे तो ग्रंथ मोजक्या शब्दांत सांगतो. वाचणाऱ्याने डोळे मिटले तर त्याच्यापुढे एक आराखडा उभा राहावा, अशी त्याची रचना आहे. शब्दांनी काढलेले ते चित्रच होय. तथापि ते हाताने रेखाटलेले चित्र नव्हे. यात्रेकरू, कारकून, भिक्षुक, शिपाई आणि पुढे विद्यार्थी, सुधारक व साहित्यिक असे अनेक प्रकारचे मराठी प्रवासी गेल्या काही शतकांत दूरदूर जाऊन आले आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी लिहूनही ठेवले. ‘प्रवासवर्णन’ हा वाङ्मयप्रकार त्यातूनच नावारूपाला आला. परंतु प्रवासात सोबत वही बाळगून, जे दिसले ते जागच्या जागी रेषेत उतरवणाऱ्यांचा इतिहास मात्र मराठीत सलगपणे लिहिला गेलेला नाही. अशी माणसे नव्हती, हे त्याचे कारण नव्हे. त्यांनी मागे ठेवलेल्या कागदाला साधन मानण्याची सवय आपल्या इतिहासलेखनाला उशिरा लागली, हे त्याचे कारण आहे.

शब्द आणि रेषा यांच्यात येथे जो भेद अभिप्रेत आहे, तो एका सुपरिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तर हिंदुस्थानात गेले. बायजाबाई शिंदे यांच्याकडून व्हावयाच्या यज्ञाची वार्ता हे त्या प्रवासाचे निमित्त होते. बंडाच्या धामधुमीत ते सापडले, झाशीत राहिले आणि १८५८ च्या वेढ्याच्या वेळी त्या शहरातच होते. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम, त्यांचा पोशाख, त्यांचा दरबार यांविषयी मराठीत जे प्रत्यक्षदर्शी वर्णन उपलब्ध आहे, ते त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात. पण हा ग्रंथ लिहिला गेला १८८३ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर पाव शतकाने, आणि तोही चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी संस्कार करून १९०७ साली तो छापला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. विष्णुभटांची स्मरणशक्ती विलक्षण होती यात शंका नाही. तरीही ते स्मरण आहे. पंचवीस वर्षांत मनाने काय गाळले आणि काय जोडले, हे आज कोणी सांगू शकणार नाही. दिल्लीच्या दक्षिण भागात, सरोजिनी नगर, नेताजी नगर आणि नौरोजी नगर या वसाहतींच्या शेजारी, सरकारी कर्मचाऱ्यांची वस्ती म्हणून उभ्या राहिलेल्या लक्ष्मीबाई नगराने राणीचे नाव जपले आहे. देशभर त्यांचे पुतळे आहेत, पाठ्यपुस्तकांत चित्रे आहेत. त्यांतील बहुतेक चित्रे पुढील पिढ्यांच्या कल्पनेने घडवलेली आहेत. झाशीच्या त्या दिवसांत विष्णुभटांच्या पडशीत बोरू आणि कागद असणारच. पण डोळ्यांपुढे घडते आहे ते रेखाटावे, ही कल्पना त्यांच्या शिक्षणात बसणारी नव्हती. भिक्षुकाचे शिक्षण कानाचे आणि मुखाचे होते. डोळ्याने पाहून हाताने टिपण्याची विद्या कारागिराची मानली जाई, आणि कारागीर प्रवासवर्णने लिहीत नव्हते.

ज्या मराठी माणसाने ही विद्या प्रवासात वापरल्याचा ठळक पुरावा हाती आहे, तो अशा कारागीर समाजातूनच आला, हे म्हणूनच अर्थपूर्ण आहे. पुण्याचे गंगाराम चिंतामण तांबट हे त्यांचे नाव. त्यांच्या आडनावातच धातुकामाचा व्यवसाय आहे. सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट १७८६ साली पुण्यास आला. राजकारणाबरोबरच लेणी, प्राणी, वनस्पती, लोकांचे रीतिरिवाज यांची माहिती गोळा करण्याची त्याला हौस होती, आणि या माहितीला चित्रांची जोड हवी होती. गंगाराम त्याच्यासाठी काम करू लागले. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तेथील गेंड्याचे गंगाराम यांनी १७९० साली काढलेले चित्र आजही उपलब्ध आहे. पर्वतीची टेकडी व तिच्यावरील देवळे, तालमीत कसरत करणारे मल्ल अशीही त्यांची चित्रे आहेत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरला आणि पुढील वर्षी पुण्यास पोहोचला. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि दरबारी मंडळी यांची त्याने केलेली व्यक्तिचित्रे प्रसिद्धच आहेत. शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली ती याच काळात. गंगाराम तेथे पाश्चात्त्य पद्धतीच्या अधिक जवळ आले. पण चित्रकार म्हणून ते त्याआधीच कामाला लागलेले होते, हे गेंड्याच्या चित्राची तारीख सांगते.

पुण्याहून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर असलेल्या वेरूळच्या लेण्यांची गंगाराम यांनी केलेली रेखाटने ही त्यांच्या कामाचा कळस होत. डोंगर पोखरून काढलेल्या वास्तूचे चित्र काढणे ही साधी गोष्ट नाही. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर प्रथम काही दिसतच नाही. डोळा सरावला म्हणजे खांब दिसू लागतात, मग मूर्ती, आणि सर्वांत शेवटी एकंदर जागेचे माप लक्षात येते. बांधलेल्या इमारतीला बाहेरून फेरी मारून तिचा आकार समजून घेता येतो. कोरलेल्या लेण्याला बाहेरची बाजूच नसते. त्यामुळे चित्रकाराला आत उभे राहून, मोजून, तर्काने सारी रचना कागदावर मांडावी लागते. गंगाराम यांच्या रेखाटनांत ही दुहेरी दृष्टी जाणवते. मूर्तीकडे पाहणारा त्यांचा डोळा भाविकाचा आहे, तर अंतर मोजणारा हात धातूचा पत्रा मापाने कापणाऱ्या माणसाचा आहे. पाश्चात्त्य यथादर्शनाचे नियम त्यांच्या चित्रांत काही ठिकाणी काटेकोर पाळलेले दिसत नाहीत, अशी टीका करणे सोपे आहे. परंतु नियमाप्रमाणे जो भाग आड गेला असता, तो त्यांनी मुद्दाम पुढे आणला आहे, कारण लेणे समजण्यासाठी तो दिसणे आवश्यक होते.

या रेखाटनांचे पुढे काय झाले, ही कथा त्यांच्याइतकीच बोलकी आहे. वेरूळविषयीचा मॅलेटचा लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात १७९९ साली आला. वेल्सने स्वतःही वेरूळची चित्रे काढली. पण साष्टीतील लेण्यांचे काम चालू असताना आजारी पडून १७९५ च्या नोव्हेंबरात तो वारला. त्याच्या आदल्याच महिन्यात सवाई माधवरावांचा अंत झाला होता. १७९७ मध्ये मॅलेटने पुणे सोडले. वेल्सच्या चित्रांवरून वेरूळच्या चोवीस दृश्यांचा भव्य ग्रंथ टॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर वेल्स आणि डॅनियल यांची नावे आहेत. ज्याने त्याच लेण्यांत बसून आपल्या हाताने रेखाटने केली, त्या पुणेकराचे नाव दीर्घकाळ केवळ संग्राहकांच्या टिपणांत राहिले. गंगाराम यांची चित्रे मॅलेटच्या घराण्यातून पुढे पॉल मेलन यांच्या संग्रहात आणि त्यातून अमेरिकेतील न्यू हेवनच्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात गेली. तेथे २०११ साली भरलेल्या एका प्रदर्शनाने आणि त्यानंतर होली शॅफर यांच्या संशोधनाने गंगाराम यांना स्वतंत्र चित्रकार म्हणून नाव मिळवून दिले. म्हणजे चित्रकार गेला वेरूळपर्यंत, आणि त्याची चित्रे गेली सातासमुद्रापार. मराठी वाचकाला ती पाहायची तर उलट्या दिशेने प्रवास करावा लागतो.

याच्या नेमके विरुद्ध उदाहरण तंजावरचे आहे. सरफोजीराजे भोसले (१७७७–१८३२) यांचे शिक्षण श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. १७९८ साली ते गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला आणि त्याच्या आतील वाडा एवढेच उरले. जे राज्य उरले नव्हते त्याची जागा त्यांनी विद्येने भरून काढली. सरस्वती महाल ग्रंथालय, वैद्यक, मुद्रण, बृहदीश्वराच्या देवळातील १८०३ चा भोसले वंशाचा मराठी शिलालेख ही त्याची फळे. १८२० ते १८२२ या काळात ते हजारोंच्या लवाजम्यासह काशीयात्रेला गेले. राज्य गमावलेल्या राजाला आपल्या किल्ल्याबाहेर पडण्यासाठीही कंपनीची मान्यता लागत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या यात्रेचे मोल कळते. पूर्वजांनी घोड्यावरून ओलांडलेला मुलूख आता त्यांना यात्रेकरू म्हणूनच पाहता येणार होता. या यात्रेत त्यांनी चित्रकार बरोबर नेले होते. काशीच्या घाटांची त्यांच्याकडून करवून घेतलेली चित्रे तंजावरला आणली गेली आणि सरस्वती महालाच्या संग्रहात राहिली.

यात्रेकरूने काशीहून गंगाजल आणावे, हा संकेत सर्वत्र होता. सरफोजींनी गंगाजलाबरोबर घाटही आणले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये. या चित्रांचा हेतू दुहेरी दिसतो. जे तंजावरहून कधीच काशीला जाऊ शकणार नाहीत, त्यांना घरबसल्या दर्शन घडावे, हा एक. पाहिलेल्या वस्तूची क्रमवार, नेमकी नोंद असावी, ही सरफोजींच्या वैज्ञानिक शिक्षणातून आलेली निकड, हा दुसरा. घाटामागून घाट असा क्रम राखणे हे भक्ताचे काम आहे तसेच सूची करणाऱ्याचेही आहे. येथे चित्र काढणारा हात राजाचा नव्हता. पाहणाऱ्याने आज्ञा केली आणि चित्रकाराने ती अमलात आणली. काढवून घेणाऱ्याचे नाव राहिले आणि काढणारा अनाम झाला, या बाबतीत तंजावर आणि पुणे यांच्यात फारसे अंतर नाही. फरक आहे तो कागद कोठे राहिला याचा. तंजावरचा कागद काढवून घेणाऱ्याच्या ग्रंथालयात राहिला, आणि ज्या मातीत ती यात्रा संकल्पिली गेली तेथेच आजचा अभ्यासक तो पाहू शकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विद्या शाळेत शिकवली जाऊ लागली. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली, म्हणजे विष्णुभट उत्तरेस निघाले त्याच वर्षी सुरू झाली. येथील विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढून प्रवासात नेण्याचे मोठे कार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी केले. १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी अनेक हंगाम त्या डोंगरात राहिले. त्यापूर्वी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. दीड हजार वर्षे अंधारात टिकलेली मूळ चित्रे जागेवर राहिली आणि सुरक्षिततेसाठी दूर नेलेल्या प्रतिकृती जळाल्या, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. या मोहिमांतून मुंबईच्या चित्रकारांना एक गोष्ट मात्र कायमची मिळाली. जेथे वस्तू आहे तेथे जाऊन, तेथील उजेडात, ठरलेल्या वेळात काम उरकण्याची सवय त्यांच्या हाताला लागली.

या परंपरेतील रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचा उल्लेख टाळता येणार नाही. कोल्हापूरला जन्मलेले धुरंधर १८९० साली कलाशाळेत आले आणि १९३१ पर्यंत तेथेच विद्यार्थी, शिक्षक व अखेर प्रमुख या नात्याने राहिले. त्या काळाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नोंदवल्या आहेत. बाजार, लग्नाची वरात, घाटावरच्या बायका, निरनिराळ्या प्रांतांचे पोशाख हे त्यांच्या चटकन टिपणाऱ्या पेन्सिलीचे विषय. ऑटो रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी त्यांनी काढलेल्या चित्रांमागे रस्त्यावर पाहून साठवलेले हेच भांडवल होते. नव्या दिल्लीच्या सचिवालयात भित्तिचित्रे काढण्याचे काम मुंबईच्या कलाशाळेकडे आले तेव्हा विधी खात्याच्या दालनातील चित्रे धुरंधरांकडे सोपवली गेली. १९३१ साली उद्‌घाटन झालेल्या त्या राजधानीच्या भिंतीवर, आजच्या लक्ष्मीबाई नगरापासून काही किलोमीटरांच्या अंतरावर, मराठी चित्रकाराचा हात उमटला तो असा. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) हे पुढच्या पिढीचे. दत्तात्रय देवळालीकर यांच्या हाताखाली उघड्यावर निसर्गचित्रण शिकलेल्या बेंद्रे यांनी तरुणपणी काश्मीरात चित्रकार म्हणून नोकरी केली आणि १९४७ मध्ये ते अमेरिकेस गेले. चित्रकाराच्या सामानात घडीची तिवई, रंगांची पेटी आणि वही यांना या काळापर्यंत पक्के स्थान मिळाले होते.

साहित्याच्या बाजूने मात्र शब्द आणि रेषा अजून वेगवेगळ्या घरांत नांदत होत्या. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ १८८९ साली निघाले, तेव्हापासून परदेशप्रवासाचे मराठी लेखन वाढतच गेले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने १९६० साली त्याला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. ‘किर्लोस्कर’ मासिकातून क्रमशः आलेल्या या लेखनाला शि. द. फडणीस यांची चित्रे होती आणि वाचकांच्या मनात ती मजकुराशी एकजीव झाली. तरीसुद्धा येथे प्रवास एकाने केला आणि चित्रे दुसऱ्याने काढली. फडणीसांनी रेखाटले ते लेखकाच्या वाक्यांत दिसलेले लंडन आणि पॅरिस. विनोदासाठी ही पद्धत उत्तम. दोन प्रतिभांचा तो सुरेख मेळ होता. पण रेखाटनवही म्हणजे वेगळी गोष्ट. तिच्यात पाहणारा, चालणारा, थकणारा आणि रेखाटणारा एकच असतो.

हे एकत्व पूर्णपणे साधलेला चित्रकार गोव्याने दिला. मारिओ मिरांडा यांचा जन्म २ मे १९२६ रोजी दमणला झाला. घर सासष्टीतील लोटली गावी. लहानपणी घराच्या भिंती चित्रांनी भरू लागल्या, तेव्हा आईने त्यांना कोरी वही आणून दिली. मुलाने तिला ‘डायरी’ म्हटले. या साध्या घरगुती तोडग्यातून एक आयुष्यभराची शिस्त निर्माण झाली. शब्दांच्या रोजनिशीत जसा आजचा दिवस, आलेले पाहुणे, झालेले भांडण, खाल्लेला पदार्थ लिहावा, तसा मारिओ तो रोज रेखाटू लागले. १९४९ ते १९५१ या वर्षांच्या त्यांच्या चित्रमय रोजनिशा पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या आहेत. पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यातील लग्ने, पंगती, पाद्री, बाजार, बसगाड्या, गावगप्पा यांचे इतके जिवंत आणि तारीखवार चित्रण दुसरीकडे सापडणे कठीण. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी इतिहास विषय घेऊन पदवी मिळवली होती, ही बाब या रोजनिशा चाळताना सहज आठवते.

१९५९ साली गुलबेंकियन प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळून मारिओ पोर्तुगालला गेले. या प्रवासातील गुंतागुंत नीट समजून घेतली पाहिजे. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९५५ पासून तुटलेले होते. गोवा अजून पोर्तुगालच्या ताब्यात होता. ज्या राजवटीच्या नावाने गोव्यात कारभार चाले, तिच्या राजधानीत गोव्याचा एक तरुण मुंबईत नाव कमावून पोहोचला होता. लिस्बन त्याला कागदोपत्री स्वदेश होता की परदेश? भाषा कानावरची होती, चर्चच्या कमानी ओळखीच्या होत्या, जेवणातील काही पदार्थही घरचेच होते. आणि तरीही रस्ता अनोळखी होता. पोर्तुगालमध्ये वर्षभर राहून ते लंडनला गेले आणि तेथे काही वर्षे राहिले. याच काळात, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. घर सोडताना जे एका सत्तेखाली होते, ते परतताना दुसऱ्या देशाचा भाग झालेले होते. ‘परमुलूख’ हा शब्द किती सापेक्ष आहे, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

मारिओंच्या परदेशी रेखाटनांचे वैशिष्ट्य त्यांच्या गर्दीत आहे. प्रसिद्ध इमारत त्यांच्या चित्रात असते, पण ती मागे. पुढे असतात ती चहाच्या दुकानाबाहेर बसलेली माणसे, कुत्र्याला फिरवणारी बाई, वर्तमानपत्रात तोंड खुपसलेला म्हातारा, एकमेकांशी न बोलणारे जोडपे. काळ्या शाईच्या बारीक रेषांनी कागद भरून जातो आणि तरीही प्रत्येक माणूस स्वतंत्र ओळखता येतो. लोटलीच्या फेस्ताची गर्दी आणि युरोपातील चौकाची गर्दी त्यांनी एकाच डोळ्याने पाहिली. या समदृष्टीला ऐतिहासिक अर्थ आहे. वेल्स आणि डॅनियल यांच्या काळापासून युरोपीय चित्रकार हिंदुस्थानात हिंडत होते आणि येथील माणसांना बहुधा जातीचे, धंद्याचे, पोशाखाचे नमुने म्हणून रेखाटत होते. मारिओंच्या वहीत पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची अदलाबदल झाली. आता हिंदुस्थानचा माणूस वही घेऊन त्यांच्या रस्त्यावर बसला होता. त्याने सूड उगवला नाही. कोणाला नमुना केले नाही. तो हसला, पण ते हसू घरच्या माणसांना हसण्यासारखे होते. १९७४ साली ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, जर्मनीच्या हिवाळ्यावर त्यांचे चित्रांचे पुस्तक निघाले, वीसहून अधिक देशांत त्यांची चित्रे पोहोचली. लोटलीच्या घरातील वहीत लागलेली सवय सर्वत्र तीच राहिली. ११ डिसेंबर २०११ रोजी त्याच घरी त्यांचे निधन झाले.

या सर्व उदाहरणांवरून रेखाटनवहीचे स्वरूप स्पष्ट होते. छायाचित्र क्षणात घेतले जाते आणि समोरचे सारे त्यात आपोआप येते. रेखाटनाला वेळ लागतो, म्हणून रेखाटणाऱ्याला बसावे लागते. बसलेल्या अनोळखी माणसाभोवती मुले जमतात, कोणी वहीत डोकावतो, कोणी आपलेही चित्र काढ म्हणतो, कोणी संशयाने पाहतो. ज्याला आपण पाहायला गेलो, तो आपल्याला पाहू लागतो. शिवाय प्रत्येक रेषा हा निर्णय असतो. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे हात ठरवतो. त्यामुळे पानावर जागेबरोबर पाहणाऱ्याचे मनही नोंदले जाते. पावसाने फुटलेली शाई, घाईत अर्धवट राहिलेला खांब, कडेला लिहिलेले गावाचे नाव, या गोष्टी घरी बसून केलेल्या सुबक चित्रात उरत नाहीत. इतिहासकाराला नेमक्या याच हव्या असतात. आणि वहीतील पानांना क्रम असतो. कालचे पान आजच्या पानाआधी येते. तो क्रम मोडला की साधनाचे अर्धे मोल जाते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध केले आणि महाराष्ट्राला अस्सल कागदाची किंमत शिकवली. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या कोनाड्यांत, किराणा दुकानांच्या रद्दीत पडलेली पत्रे, यादी, हिशेब त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी वाचवली. १९१० साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ त्याच श्रद्धेवर उभे राहिले. मात्र या चळवळीचा कागद हा प्रामुख्याने मोडी अक्षरांचा कागद होता. आकृत्यांचा कागद सापडला तर तो ‘चित्र’ म्हणून वेगळा काढला जाई. तो चौकटीत जाई, भिंतीवर जाई, भेटीदाखल दिला जाई, किंवा विकला जाई. अक्षरांचे बाड कोणी पान पान सुटे करून विकत नाही. रेखाटनवहीचे मात्र असे होते, कारण तिच्या प्रत्येक पानाला स्वतंत्र किंमत येते. बाजारात ज्या गुणाने तिचे मोल वाढते, त्याच गुणाने साधन म्हणून तिचा नाश होतो.

म्हणून ग्रंथालयांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कलेचा नाही. दिवंगत चित्रकाराच्या, शिक्षकाच्या किंवा हौशी प्रवाशाच्या घरून जेव्हा कागदपत्रे येतात, तेव्हा पत्रव्यवहाराची नोंद होते, पुस्तकांची होते. पण पेन्सिलीने भरलेल्या वह्या कोणत्या सूचीत घालाव्यात, याबद्दल संभ्रम असतो. त्या चित्र म्हणून अपुऱ्या आणि ग्रंथ म्हणून अक्षरहीन ठरतात. वस्तुतः त्या ज्या सूचीत बसतात ती आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. स्थानपोथीकाराने दिशा, अंतर आणि आसन यांची जी नोंद शब्दांनी केली, तीच नोंद गंगाराम तांबट यांनी वेरूळच्या अंधारात आणि मारिओ मिरांडा यांनी लिस्बनच्या उन्हात रेषेने केली. एकाची पाने न्यू हेवनला आहेत, तंजावरच्या अनाम चित्रकारांची राजाच्या ग्रंथालयात आहेत, मारिओंची बऱ्याच अंशी छापून सर्वांच्या हाती आली आहेत. ज्यांची पाने अद्याप कोठल्या तरी ट्रंकेत आहेत, अशा प्रवाशांची संख्या याहून कितीतरी मोठी असणार. त्या वह्या सुट्या न करता, त्यांवरील तारखा व गावांची नावे जशीच्या तशी ठेवून नोंदवल्या गेल्या, तर मराठी माणसाने परमुलखात काय पाहिले याचा इतिहास शब्दांच्या आधाराने लिहिला गेला आहे त्यापेक्षा बराच भरीव होईल.